पेडगावच्या ओढ्यापर्यंत

परभणीत त्या काळी माणूस पळताना दिसला की लोक आधी त्याच्या मागे बघत. मागे कुत्रं नाही, उधळलेली म्हैस नाही, असं दिसलं की मग पुढे बघत. पुढे बहुतेक एस.टी. असायची. दोन्हीकडे काहीच नसेल तर मात्र माणसं काळजीत पडत. त्यातून ते दिवस मोर्च्यांचे आणि बंदचे. औरंगाबादेत काही खुट्ट झालं की इथे दुकानांच्या फळ्या लागायच्या. त्यामुळे पाटबंधारे खात्यातले वरिष्ठ लिपिक अनंतराव डोक्याला मफलर, अंगात स्वेटर आणि पायजम्याचे पाय मोज्यांत खोचलेले अशा थाटात एका पहाटे स्टेशनच्या रस्त्यानं पळत निघाले, तेव्हा नुकतंच उघडू लागलेलं चहाचं हॉटेल मालकानं पुन्हा आतून लावून घेतलं.

फटीतून त्यानं विचारलं, कुठं सुरू झालं म्हणून. अनंतराव म्हणाले, काही सुरू झालं नाही, मी सराव करायलोय. सरकारी माणूस एवढी सारवासारव करतोय म्हणजे काहीतरी मोठंच असणार, अशी त्या बिचाऱ्याची खात्री झाली. दुपारपर्यंत ते हॉटेल उघडलं नाही.

ही आपत्ती ओढवली ती एका प्रश्नामुळे. कचेरीत प्रश्न विचारू नये, विचारणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं, हे अनंतरावांना एवढ्या वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं. नवे साहेब नाशिककडचे होते, सडपातळ होते आणि पहाटे उठत होते. या तिन्ही कारणांसाठी कचेरीत त्यांच्याविषयी संशय होता. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की जिल्ह्यात अर्धी मॅरेथॉन भरते आहे आणि प्रत्येक कचेरीतून एक तरी नाव गेलं पाहिजे. सगळ्यांनी फरशीकडे पाहिलं. फरशी बघण्यासारखी नव्हती, तरी बराच वेळ पाहिलं. अनंतरावांनी मात्र निव्वळ माहितीसाठी विचारलं, "अर्धी म्हणजे किती, साहेब?"

अर्धं म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर अर्धा कप चहा, अर्ध्या दिवसाची रजा अशा सोप्या गोष्टी होत्या. साहेब आनंदानं म्हणाले, एकवीस किलोमीटर, आणि कागदावर नाव लिहून मोकळे झाले. अनंतरावांना मटकन खाली बसावंसं वाटलं, पण ते बसलेलेच होते.

तरीही ते सुटले असते. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं म्हणायचं, डॉक्टरची चिठ्ठी आणायची, विषय मिटला. पण हेडक्लार्क किशनराव सगळ्यांच्या देखत म्हणाले, "राहू द्या अनंतराव. मी सांगतो साहेबांना, तुमच्यानं होणार न्हाई." किशनराव त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे होते आणि जिना चढताना प्रत्येक मजल्यावर कठड्याशी थांबून निसर्ग बघायचे. अशा माणसानं आपली कीव करावी हे अनंतरावांच्या जिव्हारी लागलं. होणार, म्हणाले ते. एवढं म्हटल्यावर मग सगळ्या वाटा बंद झाल्या.

गल्लीत बातमी फुटायला संध्याकाळ लागली नाही. शेजारचे लिंबाजी निजामाच्या पोलिसांत शिपाई म्हणून लागले होते आणि स्वतंत्र भारताचे हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पळण्यावर आपला हक्क आहे असं ते समजत. त्यांचं म्हणणं, दम नाकानं घ्यायचा, तोंड बंद ठेवायचं, आणि मुख्य म्हणजे मागं वळून बघायचं नाही. ही शिकवण चोरानं घ्यायची की पोलिसानं, ते त्यांनी सांगितलं नाही. पलीकडच्या सरजाबाईंनी डब्बाभर डिंकाचे लाडू आणून दिले. ते त्यांच्या लेकीच्या बाळंतपणातले उरलेले होते. बाळंतिणीच्या कंबरेला चालतात ते पळणाऱ्याच्या कंबरेला का चालणार नाहीत, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. अनंतरावांनी मान खाली घालून रोज एक लाडू खाल्ला.

पहिल्या आठवड्यात पळणं कमी आणि खुलासे जास्त झाले. आपल्याकडे समोरून ओळखीचा माणूस आला आणि त्याला कुठं निघालात एवढं विचारलं नाही, तर त्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. विचारल्यावर उभं राहून उत्तर दिलं नाही, तर विचारणाऱ्याला वाटतं याचं काहीतरी चुकलं. शिवाय पायी चाललेल्या माणसाला गाडीत घ्यायचं, ही इकडची रीत. दूधवाला सायकल थांबवून कॅरियरवरचा कॅन हँडलला लावू लागला. बैलगाडीवाला सरकून बसला. एका सकाळी तर पाथरीची गाडी करकचून थांबली, कंडक्टरनं दार उघडलं आणि अनंतराव काही बोलायच्या आत त्यांना दंडाला धरून आत ओढलं. तुमच्यासाठीच थांबवली, एवढं पळू नये म्हाताऱ्या माणसानं, असं तो तिकीट फाडताना म्हणाला. पुढच्या थांब्यावर उतरून अनंतराव तेवढंच अंतर उलटं पळत आले, आणि दिवसभर कचेरीत म्हातारा या शब्दाचा विचार करत बसले.

चहाची तर गोष्टच वेगळी. एकाचा घेतला आणि दुसऱ्याचा सोडला तर जन्माचा रुसवा. पोटात चहा डुचमळत असताना पळणं कसं असतं, हे ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. शेवटी त्यांनी गाव उठायच्या आधी निघायचं ठरवलं.

आणि मग, कुणाला खरं वाटणार नाही, पण जमायला लागलं. आधी रेल्वे फाटकापर्यंत पळताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मग फाटक बंद असलं की थांबावं लागतं याचा राग यायला लागला. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. किशनराव पहिल्या मजल्यावर निसर्ग बघत असताना अनंतराव त्यांच्या बाजूनं टपटप वर गेले आणि वरून, उगीचच, येताय ना, म्हणून विचारून आले. ज्वारी पोटरीला आली होती, पहाटे गार वारं सुटलेलं असायचं, आणि कुणी बघत नसताना आपण पळतोय या कल्पनेनंच त्यांना कधी कधी एकट्याला हसू फुटायचं. आपल्याला हे आवडतंय, असं त्यांच्या एका सकाळी लक्षात आलं. मोठ्या माणसानं अशी गोष्ट कबूल करायची नसते म्हणून त्यांनी ते घरी सांगितलं नाही.

एवढ्यात शर्यतीचा मार्ग जाहीर झाला. जीपच्या मीटरवर मोजून ठरवलं होतं: परभणीहून निघायचं, पेडगावच्या मारुतीला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्यानं परत यायचं.

अनंतरावांच्या बायकोच्या, सुमंगलाबाईंच्या, हातातली पळी तशीच राहिली. "पेडगाव?" त्या म्हणाल्या.

पेडगाव म्हणजे आबासाहेबांचं गाव. दिवाळीनंतर आबासाहेब आपल्या मुलाला, पंडितला, घेऊन अनंतरावांच्या लेकीला, कावेरीला, बघायला आले होते. घर शेतीवाडीचं, मुलगा वालूरच्या शाळेत शिक्षक. सोयरीक बापूंनी आणली होती. बापू म्हणजे सुमंगलाबाईंचे जिंतूरचे मावसभाऊ. जमवलेल्या लग्नांवर ते स्वतःच्या शेतापेक्षा जास्त लक्ष ठेवत. पाहुणे पोहे खाऊन, कळवतो म्हणून गेले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, हे बाकीच्यांनी विचारलं होतं. पंडितनं मात्र एकच विचारलं, पुढं शिकायचंय का. कावेरी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ती हो म्हणाली. त्या संध्याकाळी भांडी पुसताना ती काहीतरी गुणगुणत होती. अनंतराव ओसरीवर पेपर उलटा धरून बसले होते आणि त्यांनी ते ऐकलं होतं. मुलीचं मन कुठे लागलंय हे बापाला विचारावं लागत नाही.

पण निरोप येईना. एक महिना गेला, दुसरा लागला. गुणगुणणं आधी कमी झालं, मग थांबलं. कावेरी तोंडानं काही म्हणाली नाही, फक्त भांडी नुसतीच पुसायला लागली, आणि अनंतरावांना ते रोज संध्याकाळी ऐकू यायचं.

आता या बाबतीतले कायदे पक्के होते. निरोप मुलाकडून यायचा. मुलीच्या बापानं एकदा विचारायला जावं, त्याला कुणी नावं ठेवत नाही. दुसऱ्यांदा गेला की गरज दिसते. तिसऱ्यांदा गेला तर मुलीतच काही खोट असेल असं लोक धरून चालतात. अनंतराव एकदा जाऊन आले होते. आणि आता ते रोज जाणार होते, तेही पळत.

"त्यांच्या गावाच्या रस्त्यानं रोज जाणार तुमी? लोक काय म्हणतील?"

"जातोय कुठं, पळायलोय."

"तेच म्हणायलीय मी," सुमंगलाबाई म्हणाल्या.

तोडगा किशनरावांनी काढला, म्हणजे त्यांनी अडचण काढली आणि तीच तोडगा ठरली. ते म्हणाले, पळा, पण आठ किलोमीटरच्या आत. त्यापुढे गेलात की मुख्यालय सोडलं असं होतं, आणि सरकारी नोकर पहाटेसुद्धा सरकारीच असतो. अनंतरावांनी परवानगीचा अर्ज केला. साहेब दौऱ्यावर होते. अर्ज शेऱ्यासह परत आला: प्रवासाचे वाहन नमूद करावे. अनंतरावांनी लिहिलं, स्वतःचे पाय. पुन्हा शेरा आला, स्वतःचे वाहन असल्यास नोंदणी क्रमांक द्यावा. तो पत्रव्यवहार मिटेपर्यंत नियम मोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं. उभ्या जन्मात न कळवता मुख्यालय सोडून ते सासऱ्यांच्या तेराव्यालाही गेले नव्हते.

आठ किलोमीटर नेमके एका ओढ्याच्या पुलावर संपत होते. ओढा म्हणजे पेडगावची शीव. त्यामुळे सगळ्यांचंच साधलं, असं अनंतरावांना वाटलं. उजाडायच्या सुमारास पुलाशी पोहोचायचं, कठड्यावर घटकाभर बसायचं, मफलर सोडून तोंडावरचा, डोळ्यांतला घाम रुमालानं नीट टिपायचा, एकदा गावाच्या दिशेनं बघून सुस्कारा टाकायचा, कारण अजून तेवढं अंतर जमवायचं होतं, आणि माघारी वळायचं. गावात पाऊल नाही, कुणाला दर्शन नाही. याहून सभ्य बंदोबस्त कोणता असू शकतो, असं त्यांनी सुमंगलाबाईंना दोनदा समजावून सांगितलं.

ते फक्त एक विसरले. पहाटे शहरातली माणसं झोपलेली असतात, शिवारातली नसतात.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका संध्याकाळी जिंतूरच्या गाडीनं बापू आले. ते आले की आधी बहिणीच्या हातचा चहा मागत. आज त्यांनी पायसुद्धा धुतले नाहीत. ओसरीवर उभ्याउभ्याच म्हणाले, "दाजी, तुमी रोज पेडगावच्या शिवेवर जाऊन रडायलात म्हणं."

अनंतरावांच्या हातातून पेपर गळाला.

मग बापूंनी जे सांगितलं ते असं. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांनी पहिल्यांदा पाहिलं. आबासाहेबांना मुलगी दाखवलेला तो परभणीचा बाप; अंधारात, थंडीत, रस्त्यानं ठेचकाळत, धापा टाकत येतो. विचारायला म्हणून निघतो, पण शिवेवर आला की पाय उचलत नाही. पुलावर बसतो, रुमालानं डोळे पुसतो, गावाकडे बघून उसासा टाकतो आणि आल्या पावली परत जातो. गाडीला पैसे नसतील का, असाही एकीनं प्रश्न काढला. हे सगळं पाणवठ्यावर गेलं, पाणवठ्यावरून पारावर आलं. आबासाहेबांच्या आई पार्वतीबाई, वय ऐंशीच्या घरात, त्यांनी तर एका वेळचं जेवण सोडलं. लेकीच्या बापाला रडवणाऱ्याच्या घरचं अन्न गोड लागत नाही म्हणाल्या. कुणी सांगत होतं पायांत चप्पल नसते, कुणी सांगत होतं नवस बोललाय. गावात आबासाहेबांना तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

"मग ते हो म्हणतील की," सुमंगलाबाई आशेनं म्हणाल्या.

बापूंनी मान हलवली. आबासाहेब मानी माणूस. ते म्हणतात, हा दबाव आहे. शिवेवर बसून गाव उठवणाऱ्याची सोयरीक मला नको. रविवारी पंडित येईल वालूरहून, त्याच्या कानावर घालतो आणि नाही म्हणून कळवून टाकतो. एवढं बोलून बापू खाली बसले आणि मग त्यांनी चहा मागितला.

अनंतरावांना स्वतःच्या पायांची लाज वाटली. ज्या पायांनी आपण किशनरावांच्या बाजूनं टपटप जिना चढलो, त्याच पायांनी पोरीच्या आयुष्यात धोंडा आणून ठेवला, असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, उद्यापासून बंद. साहेबांना सांगतो, जमत नाही. किशनरावांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

कावेरी दाराशी उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण ओठांचा कोपरा हलत होता. बाप पुलावर बसून रडतोय हे चित्र काही केल्या तिच्या डोळ्यांपुढून हटत नव्हतं. ती म्हणाली, "अण्णा, आता थांबलात तर खरंच रडायला जात होता असं होईल. रविवारी पुलावरून वळू नका. सरळ गावात जा, मारुतीला वळसा घाला आणि न थांबता माघारी या. लोकांना दिसू द्या तुमी पळायलात ते."

"आणि त्यांनी बसा म्हटलं तर?"

"बसायचं न्हाई. बसलात की विचारायला आलात."

बापू म्हणाले, न बसता पेडगावातून आजवर कुणी गेलेलं नाही. पण दुसरा उपाय त्यांच्याजवळही नव्हता.

राहता राहिलं मुख्यालय. शनिवारी अनंतरावांनी किशनरावांना सगळं खरं सांगितलं. किशनरावांनी चष्मा काढला, पुसला, अर्ज पुढे ओढला आणि वाहनाच्या रकान्यात लिहिलं: निरंक. त्यांना स्वतःला तीन मुली होत्या. पळा, म्हणाले, सोमवारी साहेबांची सही मी घेतो.

रविवारी पहाटे गल्ली जागी होती. लिंबाजींनी उंबऱ्यात उभं राहून सलाम ठोकला. सरजाबाईंनी लाडू दिला. सुमंगलाबाईंनी नवा धुतलेला पायजमा काढून ठेवला होता. व्याह्यांच्या दारावरून जायचं तर निदान इस्त्रीचा तरी असावा म्हणून. फाटक उघडं मिळालं. दिवस वर यायला अनंतराव पुलावर पोहोचले, कठड्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा, सोमवारी सही होणाऱ्या परवानगीनं का होईना, आठ किलोमीटर ओलांडून पुढे गेले.

शेतात वाकलेली एक बाई उभी राहिली. तिनं दुसरीला हाक मारली. मग पुढच्या शेतातून पुढच्या शेतात हाका जायला लागल्या, आणि अनंतराव गावात पोहोचायच्या आधी बातमी गावात पोहोचली, की आले, आज आत आले. वेशीपाशी कुत्री धावून आली. पळणाऱ्याच्या मागे धावायचं एवढं त्यांना समजत होतं. कुत्र्यांमागे पोरं आली. दारादारांतून माणसं बाहेर येऊन हात जोडत होती आणि अनंतराव पळता पळता दोन्हीकडे नमस्कार घालत होते. एका म्हाताऱ्यानं चहाची बशीच पुढे केली. तिला वळसा घालताना त्यांना जेवढं वाईट वाटलं तेवढं पुढे शर्यतीतही कधी वाटलं नाही.

मारुतीच्या पारावर आबासाहेब उभे होते. धिप्पाड, पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला पटका. शेजारी पंडित, सायकल धरून. पारावर सतरंजी अंथरलेली होती.

"या पाहुणे, बसा," आबासाहेब म्हणाले. आवाजात राग होता, पण रीत सोडलेली नव्हती.

"बसायचं न्हाई मला," अनंतराव पळता पळता म्हणाले, "वळसा घालायचाय." आणि त्यांनी मारुतीला वळसा घातला.

सगळं पेडगाव बघत राहिलं. आबासाहेबांना वाटलं, वळसा झाल्यावर तरी बसतील. अनंतराव पुन्हा समोरून आले आणि पुन्हा पुढे निघाले. दारात आलेला पाहुणा न बसता, पाणी न घेता, पाठ फिरवून जातोय, आणि तेही अख्ख्या गावासमोर. असा अपमान आबासाहेबांच्या सात पिढ्यांत कुणी केला नव्हता. त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि अनंतरावांच्या मागे धावायला सुरुवात केली.

"अहो थांबा की," ते म्हणत होते.

"थांबता येत न्हाई."

"कशापाई?"

"शर्यत हाय. सराव करायलोय. एकवीस किलोमीटर." हे सगळं अनंतरावांनी नाकानं दम घेत सांगितलं, त्यामुळे ते मंत्रासारखं ऐकू आलं.

वेशीपर्यंत आबासाहेब नेटानं पळाले. पटका सुटून गळ्यात आला. मग मागून पंडित सायकल घेऊन आला, त्यानं वडलांना कॅरियरवर बसवलं. कुठल्याशा बाईनं, सुनेच्या बापाला पाणी तरी पाजा म्हणून, आबासाहेबांच्या हातात भरलेला तांब्या दिला. आणि अशा तऱ्हेनं, एका बाजूला पळणारा मुलीचा बाप आणि दुसऱ्या बाजूला मुलाच्या मागे कॅरियरवर तांब्या सांभाळत बसलेला मुलाचा बाप, अशी ही बैठक पेडगावच्या रस्त्यानं निघाली. मागे पोरं आणि कुत्री होतीच.

"मग पुलावर रडत का बसायचात?" आबासाहेबांनी विचारलं.

"घाम पुसत होतो."

आबासाहेबांच्या स्वतःच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तांब्यामुळे हात मोकळा नव्हता. पंडितनं पायडल मारता मारता खांद्यावरून मागे बघितलं आणि म्हणाला, "आबा, सांगा आता. मी त्याच दिवशी हो म्हणलो होतो."

अनंतरावांचा पाय अडखळला, पण थांबला नाही. "त्याच दिवशी? मग निरोप?"

"लगेच हो म्हणलं तर पोरगा जड झालाय म्हणतात लोक," आबासाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "दोन महिने तरी थांबावं लागतंय. तुमी रोज यायला लागलात, मग म्हणलं आता हो म्हणावं तर लोकांच्या भीतीनं म्हणलं असं होईल."

एकानं रडत नव्हतो हे दाखवायला पळायचं आणि दुसऱ्यानं घाई नाही हे दाखवायला थांबायचं, आणि मधे ती पोरगी नुसतीच भांडी पुसत बसलेली. अनंतरावांना हसावं की रागवावं ते कळेना. मग त्यांना एकदम खूप बरं वाटलं. ते म्हणाले, "आबासाहेब, लोकांसाठी हो म्हणू नका. माझ्या पळण्यासाठी तर म्हणूच नका. पोरगी पसंत असंल तर म्हणा."

पूल आला होता. पंडितनं सायकल थांबवली. आबासाहेब उतरले, कठड्यावर बसले आणि पटक्याच्या टोकानं डोळ्यांवरचा घाम टिपू लागले. नेमकी त्याच वेळी परभणीची गाडी गेली. तिच्या खिडक्यांतून चाळीस माणसांनी पाहिलं, की पेडगावचे आबासाहेब शिवेवर बसून डोळे पुसतायत आणि मुलीचा बाप समोर उभा आहे. ही बातमी अनंतरावांच्या आधी परभणीत पोहोचणार हे दोघांनाही कळलं.

"पसंत हाय," आबासाहेब म्हणाले. "लेक आमची झाली." आणि त्यांनी तांब्या पुढे केला.

अनंतराव आता मात्र थांबले होते. घसा कोरडा ठाक पडला होता. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तांब्याचा गारवा बोटांना लागला, आणि हात तिथेच राहिले. मुलीच्या सासरचं पाणी नातवंड होईपर्यंत बापानं घ्यायचं नाही. त्यांच्या वडलांनी ते पाळलं होतं, आजोबांनी पाळलं होतं.

"आबासाहेब," ते म्हणाले, "हो म्हणायच्या आधी पाणी द्यायचं होतं."

पंडित तोंड फिरवून हसला. आबासाहेब हसले नाहीत. रीतीच्या माणसाला रीत समजावून सांगावी लागत नाही. त्यांनी अनंतरावांच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं, पुढच्या लांबलचक रस्त्याकडे पाहिलं. मग ते उठले, तांब्या दोन्ही हातांनी धरून सांडू न देता पूल ओलांडून गेले, आणि शिवेच्या दगडापलीकडे जाऊन उभे राहिले.

"इकडं या," त्यांनी हाक मारली. "हितं आमचं गाव संपलं. आता प्या."

अनंतराव पलीकडे गेले आणि ओंजळ धरून, वरून आबासाहेब ओतत असताना, सगळा तांब्या प्याले. पाणी पेडगावच्याच विहिरीचं होतं, हा मुद्दा दोघांच्याही डोक्यात आला असणार, पण काढला कुणीच नाही.

घरी ते सावकाश पोहोचले. उंबऱ्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. बापू लगेच मुहूर्तांवर घसरले. सुमंगलाबाईंनी डोळे पुसले आणि मग जाऊबाई, नणंदा, कुणाकुणाला पत्रं टाकायची ते मोजायला लागल्या. कावेरीनं तेवढं एकच विचारलं, "आबासाहेबांनी स्वतः नेला तांब्या पलीकडं?"

"स्वतः," अनंतराव म्हणाले. "थेंब सांडला न्हाई."

ती आत गेली. आज आपण अख्खे एकवीस किलोमीटर पळालो, हे सांगायचं राहूनच गेलं, असं अनंतरावांच्या ध्यानात आलं. निदान लिंबाजींना तरी सांगावं म्हणून ते उठायला गेले, तर पाय जागचे हलेनात. एवढ्यात आतून भांडी पुसल्याचा आवाज आला आणि त्या आवाजाबरोबर गुणगुणणं. अनंतरावांनी उठायचा विचार सोडून दिला आणि उंबऱ्यावरच बसून राहिले.